आपत्कालीन सेवा : कंत्राट दुसऱ्याचे, दायित्व आपले

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)



सार्वजनिक संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षे हा लहान काळ नव्हे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही आपली उपनगरे जेव्हा चाळींची, बैठ्या घरांची आणि मोकळ्या मैदानांची होती, तेव्हापासून आजच्या उत्तुंग इमारतींच्या काळापर्यंत अशा संस्थांनी पाणपोया चालविल्या, दवाखाने उघडले, विद्यार्थ्यांना पुस्तके पुरविली आणि रुग्णवाहिका रस्त्यावर आणल्या. शासन पोहोचण्यापूर्वी समाज पोहोचला, अशी या परिसराची परंपरा आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आणखी एक रुग्णवाहिका लोकार्पण करावी असा विचार मंडळापुढे आहे, असे मला सांगण्यात आले. त्या विचारामागील भावनेविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तो आदर मनात ठेवूनच मी आज थोडे वेगळे बोलणार आहे, आणि आपण ते आपलेपणाने ऐकून घ्याल असा मला विश्वास वाटतो.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : गाडी ही वस्तू आहे, ती पैसे देऊन घेता येते, सेवा ही वस्तू नव्हे, ती रोज राखावी लागते. आपण आपत्कालीन सेवेचे कंत्राट देतो, देणगी देतो, प्रमाणपत्र फाइलला लावतो, आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. वास्तविक तेथूनच कर्तव्याला प्रारंभ होतो.

काळाचे गणित

प्रथम हे समजून घेऊ की या सेवेत आपण नेमके काय विकत घेत असतो. आपण वेळ विकत घेत असतो. हृदयाचे कार्य अकस्मात थांबले की साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. छातीवर दाब देण्याची क्रिया, जिला आपण सी.पी.आर. म्हणतो, कोणी केली नाही, तर विजेचा झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी मेंदूची तपासणी व्हावी लागते. आगीचे गणित याहून निष्ठुर आहे. आगीत बळी पडणाऱ्यांपैकी पुष्कळांपर्यंत ज्वाळा पोहोचतही नाहीत. त्यांना धूरच गाठतो. जिना धुराने भरण्यास काही मिनिटे पुरतात.

आता पावसाळ्यातील सायंकाळी सातची वेळ डोळ्यांसमोर आणा. मुलुंडहून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे जाणारा पूर्व द्रुतगती मार्ग, किंवा बोरिवलीहून विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाकडे जाणारा पश्चिम द्रुतगती मार्ग कसा असतो, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणूनच आपत्कालीन सेवेतील पहिला सेवक हा नेहमी शेजारी असतो, दुसरा गाडीतील माणूस आणि तिसरा रुग्णालयातील डॉक्टर. आपण आजवर तिसऱ्याला देणग्या दिल्या, दुसऱ्याला गाडी दिली. पहिल्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले.

झोळीपासून एकशेआठपर्यंत

आपल्या उपनगरांनी हे दुःखद मार्गाने अनुभवले आहे. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलगाडीत स्फोट झाला. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत एकापाठोपाठ स्फोट झाले; बोरिवली आणि जोगेश्वरी ही नावे त्या यादीत आहेत. त्या सायंकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या केल्या आणि जखमींना रिक्षांतून, टेम्पोंतून, मिळेल त्या वाहनातून रुग्णालयांत पोहोचविले. मुंबईकरांच्या माणुसकीचे आपण त्या वेळी कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु कोट्यवधी लोकसंख्येच्या महानगरात जखमीला चादरीतून न्यावे लागते, हे कौतुकाचे लक्षण नव्हते.

त्याच सुमारास, २००५ साली, मुंबईत काही तरुण उद्योजकांनी १२९८ या क्रमांकावर चालणारी रुग्णवाहिका सेवा सुरू केली. तिची आकारणी विचार करण्याजोगी होती. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण आकार, सार्वजनिक रुग्णालयात जाणाऱ्याकडून सवलतीचा आकार आणि अपघातग्रस्ताकडून काहीही नाही. रुग्ण कोणत्या रुग्णालयात जातो यावरून त्याची ऐपत ओळखायची, दारात उभे राहून उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, ही त्यातील सुज्ञता होती. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात या गाड्यांनी मोलाची कामगिरी केली. तिकडे हैदराबादेत ऑगस्ट २००५ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांनी तो मार्ग स्वीकारला.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका घेण्यात आल्या; त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक होत्या. गाडीत डॉक्टर असणे हे महाराष्ट्राच्या योजनेचे वैशिष्ट्य ठरले. पैसा शासनाचा, संचालन भारत विकास ग्रुप या खाजगी कंपनीकडे, नियंत्रण कक्ष पुण्यात औंध येथे, आणि रुग्णाला शुल्क नाही, अशी ही रचना होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गल्लीबोळांसाठी दुचाकी रुग्णवाहिका आल्या. २०२४ साली एका नव्या कंपनीसमूहाशी दीर्घ मुदतीचा करार झाला, त्यात १,७५६ वाहनांचे नियोजन होते; त्या कराराच्या खर्चावर वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातून बरीच चर्चाही झाली.

ती चर्चा मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरली : गाड्या किती आणि रुपये किती. आपल्या घरातील माणूस किती मिनिटांत वाचेल, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते सेवेची सुधारणा त्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

जे मोजाल ते मिळेल

कंत्राटाचा एक स्वभाव असतो. आपण ज्या गोष्टीचे पैसे देतो, ती गोष्ट आपल्याला मिळते. तिच्यामागचा आपला हेतू मिळेलच असे नाही. गाडीमागे दरमहा ठरावीक रक्कम दिली, तर गाडी उभी दिसेल. ती धावेल याची हमी नाही. फेरीमागे रक्कम दिली, तर फेऱ्या वाढतील. त्या सर्व निकडीच्या असतील याची हमी नाही. किलोमीटरमागे रक्कम दिली, तर जवळचे रुग्णालय मागे पडेल आणि दूरचे पुढे येईल. यात कोणी दुष्ट असतो असे नाही. कराराचे शब्द माणसाला ज्या दिशेने ढकलतात, त्या दिशेने तो चालतो.

सरासरीचा मोहही असाच फसवा आहे. समजा, दहा फोन आले. नऊ ठिकाणी गाडी आठ मिनिटांत पोहोचली आणि दहाव्या ठिकाणी अठ्ठेचाळीस मिनिटांत. सरासरी निघते बारा मिनिटे. अहवालात बारा हा आकडा शोभून दिसतो. पण त्या दहाव्या घरात काय घडले असेल, हे त्या बारामध्ये कोठेच दिसत नाही. म्हणून जाणकार सरासरी मागत नाहीत. दर दहांपैकी नऊ वेळा गाडी किती मिनिटांत पोहोचली, हे विचारतात आणि उरलेल्या एकाची स्वतंत्र चौकशी करतात.

या बाबतीत परदेशांतील दोन उदाहरणे उपयुक्त आहेत. डेन्मार्कमध्ये फाल्क ही १९०६ साली स्थापन झालेली कंपनी पिढ्यानपिढ्या रुग्णवाहिका चालवीत आली. त्या देशाच्या दक्षिण विभागात निविदा निघाली आणि मोठ्या भागाचे काम बायोस या दुसऱ्या कंपनीला मिळाले. सप्टेंबर २०१५ मध्ये तिने काम हाती घेतले. प्रशिक्षित माणसे पुरेशी मिळेनात, अडचणी वाढत गेल्या, आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच, जुलै २०१६ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली. विभागीय प्रशासनाला ती सेवा स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली. संपन्न आणि शिस्तप्रिय देशात असे होऊ शकते. कागदावरची निविदा जिंकणे आणि रात्रपाळीला माणूस हजर ठेवणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत.

दुसरे उदाहरण आशादायक आहे, आणि तितकेच सावध करणारे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६० च्या दशकात रुग्णाला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेले जाई. वाटेत उपचार असा नसेच. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत १९६७ साली फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉ. पीटर सफार या भूलतज्ज्ञाने वस्तीतल्याच, अनेकदा बेकार असलेल्या तरुणांना अत्यंत कसून प्रशिक्षण दिले. शहराशी करार करून त्यांनी काम केले आणि गाडीतच प्राण वाचविता येतात, हे दाखवून दिले. पुढे १९७५ साली शहराने तो करार संपविला आणि स्वतःची सेवा सुरू केली. यातून दोन गोष्टी शिकावयाच्या : समाजातील सामान्य माणूस शिकविल्यास उत्तम जीवरक्षक होतो; आणि करार कितीही चांगला चालला, तरी तो टिकविण्याची तजवीज करारातच करून ठेवावी लागते.

इमारतीच्या आतले अग्निशमन

आता आगीकडे वळू. मुंबईचे अग्निशमन दल महानगरपालिकेचे आहे. ते कंत्राटी नाही, आणि त्याची परंपरा बलिदानाची आहे. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटांत या दलाचे ६६ जवान गेले; त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या आगीने दलाच्या प्रमुखांसह चार वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बळी घेतले. म्हणून दलाविषयी बोलताना प्रथम नतमस्तक व्हावे.

परंतु आपल्या इमारतीच्या आतील अग्निशमन हे मात्र पूर्णपणे कंत्राटी आहे, याची किती सभासदांना जाणीव आहे? पंप, पाण्याची उभी नळवाहिनी, होजरील, तुषारयंत्रणा, धूरसूचक आणि गजर यांची देखभाल गृहनिर्माण संस्था किंवा न्यास एखाद्या एजन्सीकडे सोपवितो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार ही यंत्रणा बसविण्याची आणि सदैव सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीने दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावयाचे असते. कायदा उत्तम आहे. त्याची दुखरी जागा एकच : प्रमाणपत्र देणाऱ्याला निवडतो कोण आणि पैसे देतो कोण? ज्याची तपासणी व्हायची तोच. मग ज्याचा दर सर्वांत कमी आणि ज्याच्या शंका सर्वांत थोड्या, त्याला काम मिळते.

काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातील एका इमारतीत अग्निशमनाच्या कवायतीसाठी मला बोलाविले होते. फाइल व्यवस्थित होती. जानेवारीचे प्रमाणपत्र निष्कलंक होते. आम्ही अकराव्या मजल्यावरील होजरील उघडला, पण पाण्याचा थेंबही आला नाही. खाली जाऊन पाहिले, तर पंपाची कळ स्वयंचलितवर नव्हती. तेथील वयस्क पहारेकरी निरागसपणे म्हणाला, “साहेब, आपोआपवर ठेवला की मध्येच सुरू होतो आणि टाकीचं पाणी वाया जातं. म्हणून बंद ठेवायला सांगितलंय.” नळीच्या तोंडाची पितळी नोझल चोरीला जातात म्हणून कार्यालयाच्या कपाटात सुरक्षित होती, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावी. कोणीही खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या परीने काटकसरच केली होती. त्या काटकसरींची बेरीज म्हणजे एकशेवीस कुटुंबांचे असंरक्षित जीवन होते.

याची किंमत उपनगरांनी मोजली आहे. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरी पूर्वेला मरोळ येथील कामगार रुग्णालयाला आग लागली आणि उपचारांसाठी आलेली माणसे धुरात सापडली. मार्च २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधील रुग्णालयात मध्यरात्री तेच घडले. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या एका सात मजली इमारतीत तळमजल्यावर भडकलेल्या आगीचा धूर वर चढला आणि अनेक जणांनी प्राण गमावले. ठिकाणे वेगळी, कारणे वेगळी. पण तळमजल्यावर साठविलेले सामान, उभी केलेली वाहने, अडलेले जिने, धूर कोंडणारे मार्ग हे शब्द प्रत्येक घटनेनंतरच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. हे सर्व आपल्या डोळ्यांसमोर रोज असते. चपलांचे कपाट जिन्यात ठेवण्यासाठी कोणा कंत्राटदाराची गरज लागत नाही. गच्चीला कुलूप, आश्रय मजल्यावर भंगार आणि प्रवेशद्वारासमोर दुहेरी पार्किंग हीसुद्धा आपलीच कर्तबगारी.

करारात काय असावे?

आता उपायांकडे येतो. आपल्या संस्था व गृहनिर्माण सोसायट्या यापुढे जे करार करतील, त्यांत किमान पुढील गोष्टी असाव्यात असे मी सुचवितो.

पहिली गोष्ट, घड्याळ कोठे सुरू होते आणि कोठे थांबते हे लिहावे. फोन उचलल्यापासून रुग्णाच्या बिछान्यापर्यंत, असे मोजमाप असावे. गाडी फाटकाशी पोहोचली म्हणजे सेवा पोहोचली असे नव्हे. विसाव्या मजल्यावर जाण्यास उद्वाहनासाठी थांबावे लागते, आणि स्ट्रेचर त्यात मावते का हेही आधीच पाहावे लागते.

दुसरी गोष्ट, वाहनाचा प्रकार स्पष्ट असावा. रुग्णवाहिकांविषयीच्या राष्ट्रीय मानकात चार प्रकार आहेत : प्रथम प्रतिसाद देणारे वाहन, केवळ रुग्ण नेणारे वाहन, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरे लिहिली म्हणजे चारही सारखे होत नाहीत. प्राणवायू किती, झटका देणारे यंत्र आहे की नाही, याची पाळी बदलताना रोज नोंद व्हावी आणि दोघांनी सह्या कराव्यात.

तिसरी गोष्ट माणसांची. एक गाडी अहोरात्र चालवायची म्हणजे आठवड्याला एकवीस पाळ्या. एक माणूस आठवड्यात सहा पाळ्या करतो. तेव्हा रजा, आजारपण धरून चार चालक आणि चार प्रशिक्षित सहायक, असे आठ जण लागतात. ज्या निविदेत एका गाडीमागे तीन माणसांचा खर्च दाखविलेला असेल, ती निविदा स्वस्त नव्हे. ती अशक्य आहे. तिची किंमत मध्यरात्री दोन वाजता कळते. या आठ जणांचे वेतन महिन्याच्या ठरल्या तारखेला मिळावे, हीही कराराचीच अट असावी. उपाशी चालकाकडून तत्परतेची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

चौथी गोष्ट, तपासणारा आणि देखभाल करणारा वेगळा असावा. अग्निशमन यंत्रणेची देखभाल एका परवानाधारक एजन्सीने करावी आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्या एजन्सीने सभासदांसमक्ष चाचणी घ्यावी. जानेवारी आणि जुलैच्या एका रविवारी सर्वांत वरच्या मजल्यावरील नळी उघडावी, पाण्याची धार सर्वांनी पाहावी, मुख्य वीजपुरवठा बंद करून पंप पर्यायी व्यवस्थेवर चालतो का हे तपासावे, गजर वाजवावा, वृद्धांना जिन्याने कसे उतरवायचे याची कवायत करावी. बिलाची रक्कम त्या दिवसानंतर द्यावी. प्रमाणपत्र फाइलमध्ये न ठेवता सूचनाफलकावर लावावे.

पाचवी गोष्ट, करार संपण्याची रीत करारातच असावी. नवा सेवक प्रत्यक्ष कामावर रुजू होईपर्यंत जुन्याने जागा सोडू नये. त्या मध्यंतराचा मोबदला आधीच ठरवून ठेवावा. डेन्मार्कचे उदाहरण आपण नुकतेच पाहिले.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सर्वांत कमी दर हा निवडीचा एकमेव निकष नसावा. दर पाहावा, पण त्यापूर्वी त्या कंत्राटदाराच्या तीन जुन्या ग्राहकांकडे जाऊन रात्रीची नोंदवही पाहावी.

संस्थेने काय करावे?

आता मी प्रारंभी उल्लेखिलेल्या रुग्णवाहिकेकडे येतो. विश्वस्त मंडळाने वाहन घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. वाहनापूर्वी चार गोष्टी कराव्यात, एवढेच विनवितो.

एक. आपल्या परिसरातील उपलब्ध गाड्यांची मोजणी करावी. अनेक उपनगरांत गाड्या आहेत, चालक दिवसा आहेत, रात्री नाहीत. तसे आढळल्यास नव्या गाडीपेक्षा रात्रपाळी अधिक मोलाची. दात्याचे नाव गाडीवर लिहिण्याची आपली प्रथा आहे. मग एका वर्षाच्या रात्रपाळीचे दान का स्वीकारू नये? फलकावर त्या दात्याचे नाव तितक्याच सन्मानाने लिहावे. जैन परंपरेने औषधदान आणि अभयदान यांना दानांत मानाचे स्थान दिले आहे. वेळेवर न पोहोचलेले औषध हे दान पूर्ण झाले असे म्हणता येईल का? रात्री तीन वाजता जागा असलेला चालक हा दोन्ही दानांचा वाहक आहे.

दोन. या वर्षात प्रत्येक इमारतीमागे किमान पाच जणांना सी.पी.आर. आणि प्रथमोपचार शिकवावा. त्यांत गृहिणी, पहारेकरी आणि महाविद्यालयीन मुले असावीत, कारण दुपारी घरी तीच असतात. छातीच्या मध्यभागी सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. ही क्रिया ऐकून येत नाही, पुतळ्यावर हाताने करूनच येते. मदत केली तर पोलीस चौकशीत अडकू, ही भीती आता मनातून काढावी. जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली न्यायालयाने बंधनकारक केली आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलमही आले.

तीन. संस्थेच्या स्वतःच्या वास्तूंपासून आरंभ करावा. उपाश्रय, सभागृह, भोजनशाळा, विद्यार्थीगृह येथे पर्युषणाच्या दिवसांत किती गर्दी होते, हे आपण जाणता. मंडपाचे कापड, विजेच्या माळा, एकच अरुंद दरवाजा आणि बाहेर काढलेल्या पादत्राणांचा ढीग, हे सारे एकत्र येते. दोन मार्ग मोकळे आहेत का, स्वयंसेवकांपैकी कोणाला पंपाची खोली माहीत आहे का, हे प्रवचनापूर्वी पाहावे. जयणा, म्हणजे प्रत्येक कृतीतील सावधपणा, हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्यांना याची थोरवी मी सांगणे उचित नव्हे.

चार. क्रमांक तोंडपाठ असावेत. रुग्णासाठी १०८, आगीसाठी १०१, कोणत्याही संकटासाठी ११२, आणि महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षासाठी १९१६. आपल्याकडे संकट आले की प्रथम एखाद्या विश्वस्तांना किंवा नगरसेवकांना फोन जातो, तेथून दुसऱ्याला, तेथून गाडीला. स्नेहाची ही साखळी मोलाची खरी. पण तिच्यात जाणारी दहा मिनिटे परत येत नाहीत. प्रथम क्रमांक फिरवावा, मग नातेवाइकांना कळवावे.

एक आक्षेप येथे उपस्थित होईल. हे सर्व शासनाने करावयाचे नाही का? अवश्य करावयाचे आहे, आणि ते मागण्याचा आपला हक्क सोडू नये. आपल्या विभागात १०८ ची गाडी कोठे उभी असते, गेल्या तीन महिन्यांत किती हाकांना ती किती मिनिटांत पोहोचली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. पण ज्याने आपल्या इमारतीचा पंप कधी चालवून पाहिला नाही, त्याच्या मागणीला वजन येत नाही. स्वतःची नोंदवही घेऊन जाणाऱ्या नागरिकाला अधिकारीही गांभीर्याने ऐकतो.

बंधु-भगिनींनो, सोहळा म्हटला की फीत कापली जाते, छायाचित्र निघते, स्मरणिकेत ते छापले जाते. त्यात गैर काही नाही. परंतु माझी अशी विनंती आहे की पुढील बैठकीत वाहन खरेदीचा ठराव मांडण्यापूर्वी एक साधा अहवाल वाचला जावा : गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीतून किती हाका गेल्या, किती वेळा मदत पोहोचली, किती मिनिटांत, आणि जेथे पोहोचली नाही तेथे का नाही. हा अहवाल दर वर्षी महावीर जयंतीला सभासदांसमोर वाचण्याचा प्रघात या संस्थेने पाडला, तर मुंबईच्या उपनगरांत तो एक आदर्श ठरेल, आणि त्या आधारे घेतलेली गाडी खऱ्या अर्थाने लोकार्पण होईल.